उजेड, पाचशेच्या आतला

दापोली तालुक्यातल्या आमच्या घरच्या अंधारासाठी आत्याने पाचशे रुपये मंजूर केले. रक्कम गावाहून पुण्याला येणाऱ्या एकाच्या हाती पाठवली आणि अटी फोनवर सांगितल्या. बॅटरी लख्ख हवी. जड नको. पावसाने बिघडता कामा नये. "आणि मला बटणं दाबत बसायला वेळ नाही." माझी सगळी नोकरी निविदा वाचण्यात गेली; इतका नेमका मसुदा क्वचितच हाती आला. त्यात एकच शब्द मोघम होता, तो म्हणजे लख्ख. त्या शब्दापायी आमच्या घरात, जिन्यात, गच्चीवर आणि शेवटी तपकीर गल्लीत जे काही घडलं ते पाचशेच्या आत बसवायचं होतं.

निवृत्त होणारी बॅटरी आजोबांच्या काळातली. पितळी, तीन मोठ्या सेलांची, अंगावर उभ्या रेघा, पुढे सरकवायचं बटण आणि त्याला लागूनच दाबलं की क्षणभर उजेड मारणारी लाल टिकली. ही टिकली खुणा करण्यासाठी असते असं आजोबा सांगत. आमच्या घराण्यात कुणी कुणाला उजेडाने खूण केल्याची नोंद नाही, पण टिकली दाबल्याबद्दल मार मात्र प्रत्येक पिढीने खाल्ला आहे. मागच्या झाकणात, स्प्रिंगच्या पोटात, एक सुटा बल्ब जपून ठेवलेला असे. बॅटरी हातात घेतली की अंधाराचंच काय, समोरून येणाऱ्या माणसाचंही भय वाटत नसे, इतका तिचा ऐवज होता.

उजेड मात्र बेताचा. भिंतीवर मारला तर पिवळट वर्तुळ, त्यात एक काळपट कडं, आणि मधोमध तारेची वाकडी सावली. आजच्या मापात सांगायचं तर दहा-पंधरा लुमेन. तेवढ्यावर आमची अख्खी वाडी शिमग्यात नमन बघायला जाऊन परत येई. उजेड मंदावला की बॅटरी तळहातावर आपटायची. त्यानेही भागलं नाही की सेल उन्हात. मे महिन्यात अंगणात एका सुपात आमसुलं, दुसऱ्यात फेण्या आणि ओट्याच्या कडेला ओळीने तीन सेल असं वाळवण पडलेलं असे. हा अडाणीपणा नव्हता. जस्त-कार्बनच्या सेलात ऊब लागली की आतली रासायनिक क्रिया थोडी जोर धरते आणि तळाशी उरलेलंही हाती येतं. एवढं करूनही सेल बॅटरीला चालेनासे झाले की त्यांची बदली ट्रान्झिस्टरवर होई. तिथे ते बातम्यांपुरते आणखी महिनाभर काढत.

मधल्या काळात आत्याकडे एक नोकिया 1100 आला. 2003 साली निघालेल्या या फोनच्या डोक्यावर इवलासा दिवा होता, आणि भारतात तो एवढा खपला त्यात या दिव्याचा वाटा मोठा होता. आत्याने त्याच्याकडे कायम बॅटरी म्हणूनच पाहिलं. त्याच्यावर अधूनमधून लोकांचे फोन येतात ही तिला त्यातली खोट वाटे. तो गेला. मग पितळीच्या पोटात एक सेल फुटून असा चिकटला की खालच्या आळीत हातोडी-पकडीचे सगळे प्रयोग झाले तरी हलेना. तेव्हा कुठे हे पाचशे मंजूर झाले.

आमच्या चिरंजीवांनी प्रकरण लगेच ताब्यात घेतलं. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष असल्यामुळे घरातलं ज्या गोष्टीला बटण आहे ते सगळं त्याच्या अखत्यारीत येतं. त्याने मोबाईलवर एक बॅटरी काढून दाखवली. वीस हजार लुमेन. दोन किलोमीटर पल्ला. लष्करी दर्जा. आत 9900 एमएएचचा सेल. वर प्लास्टिकची पेटी फुकट. किंमत तीनशे नव्व्याण्णव. मी म्हटलं, "घेऊन टाक, एकशे एक उरतात." तेव्हा तो हसला आणि वहीचं मागचं पान उघडून बसला. पुढची वीस मिनिटं माझ्या आजवर भरलेल्या फीचा थोडा परतावा मिळाला.

"बाबा, आपल्या हॉलमधला नऊ वॅटचा बल्ब किती लुमेन देतो?"

मला ठाऊक नव्हतं. खोक्यावर लिहिलेलं असतं, नऊशेच्या आसपास. म्हणजे एका वॅटला साधारण शंभर. त्या हिशेबाने वीस हजार लुमेनला दोनशे वॅट लागले. हॉलमधले बावीस बल्ब आत्याच्या मुठीत पेटवायचे. आता हे दोनशे वॅट आणायचे कुठून, तर बॅटरीतल्या एका सेलातून. या सेलाला 18650 म्हणतात. आकडा भारदस्त असला तरी ते केवळ माप आहे: 18 मिलिमीटर जाडी, 65 मिलिमीटर लांबी, आणि शेवटचं शून्य तो गोल आहे एवढंच सांगतं. या मापात जगातल्या उत्तमोत्तम कंपन्यांना साडेतीन हजार एमएएचच्या फारसं पुढे जाता आलेलं नाही. 9900 हा आकडा फक्त सेलच्या वेष्टनावर भेटतो. खरा, चांगला सेल धरला तरी त्यात दहा-बारा वॅट-तास वीज. दोनशे वॅटने भागलं की उत्तर तीन-साडेतीन मिनिटं.

बायको इतका वेळ भाजी निवडत होती. ती म्हणाली, "तीन मिनिटांत आत्या गोठ्यापर्यंत पोचतील. परत कशा येणार?"

हा मुद्दा वहीत नव्हता.

हीच बॅटरी वरच्या मजल्यावरच्या काकांकडे आहे असं कळल्यावर आम्ही प्रात्यक्षिक मागितलं. काकांनी ते आनंदाने गच्चीवर ठेवलं. गच्चीवरून त्यांनी झोत सोडला तो थेट पलीकडच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर.

"टाकी दिसली?"

"दिसली."

"वर काय लिहिलंय वाचा."

मी कंपनीचं नाव वाचलं. काका समाधानाने माझ्याकडे बघत राहिले. ती टाकी बरीच वर्षं तिथेच आहे आणि रात्री ती वाचायची गरज आमच्या सोसायटीत कुणाला पडलेली नाही. पण त्या क्षणी मला या धंद्याचं मर्म कळलं. हा उजेड बघायला घेतलेला नसतो, दाखवायला घेतलेला असतो. रात्री स्वतःच्या पायापुढची पायरी बघायला लागतो त्यापेक्षा कितीतरी जास्त प्रकाश शेजाऱ्याला थक्क करायला लागतो, आणि खोक्यावरचे आकडे त्या दुसऱ्या गरजेसाठी छापलेले असतात.

काकांच्या बॅटरीला एकच बटण आहे, पण त्या एका बटणात पाच खाती आहेत. पहिल्यांदा दाबलं की पूर्ण उजेड, दुसऱ्यांदा अर्धा, तिसऱ्यांदा मंद, चौथ्यांदा डोळ्यांपुढे थयथय करणारी उघडझाप आणि पाचव्यांदा एसओएस: तीन छोटे, तीन लांब, तीन छोटे. बंद करायचं तर या सगळ्यांतून जावंच लागतं, मधून उतरायची सोय नाही. त्या रात्री लाइट गेलेली होती आणि काका जिना उतरताना नेमके पाचव्या खात्यात अडकले. आम्ही मागे उभे. एक पायरी दिसे, दोन गायब, मग एक बराच वेळ दिसे. समोरच्या इमारतीतून कुणीतरी ओरडून विचारलं, "काही मदत हवीय का?" बुडत्या जहाजासाठी ठरवलेली खूण इतक्या चोख कामी आलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

चिरंजीवांनी काकांची परवानगी काढून आतला सेल बायकोच्या केकच्या काट्यावर ठेवला. खरा 18650 साधारण पंचेचाळीस ग्रॅमच्या पुढे भरतो. हा तिशीच्याही आत थांबला. असल्या सेलांच्या पोटात कधीकधी एक छोटासा सेल आणि त्याभोवती जागा भरायला पांढरी पावडर निघालेली आहे. कापून बघू का, असं चिरंजीवांनी विचारलं. काकांनी सेल खिशात घातला आणि काट्यातच काहीतरी बिघाड असेल म्हणून ते निघून गेले.

वास्तविक या विषयात नियम आहेत. अमेरिकेत 2009 साली बॅटऱ्यांसाठी एफएल-वन नावाचं मानक ठरलं आणि चांगल्या कंपन्या ते पाळतात. लुमेन मोजायचे ते बॅटरी लावल्यावर तीसेक सेकंद जाऊ देऊन, म्हणजे पहिल्या जोशातला आकडा छापायचा नाही. किती तास चालते याची व्याख्या फार सहृदय आहे: उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंत ती चालू धरायची. या व्याख्येने आमच्या ऑफिसातले कित्येकजण निवृत्तीच्या दिवसापर्यंत पूर्ण कार्यरत होते. आणि पल्ला म्हणजे जिथे पोचेपर्यंत झोताचा उजेड पाव लक्स उरतो तेवढं अंतर. पाव लक्स म्हणजे स्वच्छ आभाळातल्या पौर्णिमेचं चांदणं.

मी हे आत्याला फोनवर समजावून सांगितलं. थोडा वेळ पलीकडून काही आवाज आला नाही. मग म्हणाली, "म्हणजे दोन किलोमीटरवर चांदणं पडणार?"

"हो. खरी असेल तर. त्याला दहा लाख कँडेला लागतात."

"दोन किलोमीटरवर तर बाजारपेठ आली. तिथे चांदणं पाडून मी काय करू? आणि पौर्णिमा महिन्याला येतेच की, फुकट."

अंगणातून गोठ्यापर्यंत आमच्याकडे तीस-चाळीस पावलं आहेत. विहीर त्याहून जवळ. आत्याचं सगळं राज्य तेवढ्यात मावतं, आणि त्या राज्यातला रात्रीचा खरा शत्रू बाजारपेठेत नसून पायरीखाली असतो.

हे मला स्पष्ट करून सांगितलं आमच्या सोसायटीच्या रखवालदाराने. तो जुन्नरकडचा. त्याचा भाऊ शेती करतो आणि भावाकडे बॅटरी ही हौस नाही, अवजार आहे. शेतीच्या पंपाला थ्री फेज लाइट काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की दोन वाजता उठून उसात जायचं, आणि त्या उसात बिबट्याने पिल्लं घातलेली असायची शक्यता असते. मी त्याला विचारलं, भाऊ किती लुमेनची बॅटरी वापरतो.

"ते काय म्हाईत नाय साहेब. डोक्याला बांधायची हाय. दारं धरायची म्हंजे दोन्ही हातांत खोरं, बॅटरी धरायची कशात?"

"पण लांबचं दिसतं का?"

"लांबचं दिसून काय करायचं? वाघ लांब असंल तर त्याचं त्याला, आपलं आपल्याला. डोळं चमकत्यात, तेवढ्यावर कळतं. मांजराचं बी चमकत्यात, बैलाचं बी. जमिनीपासून किती वर हायेत ते बघायचं आन् ठरवायचं. पायातलं दिसाया पायजे पण."

मग त्याने एक गोष्ट सांगितली जी कुठल्याच खोक्यावर छापलेली नसते. साप शोधायचा तर बॅटरी डोक्यावर नको, गुडघ्याशी धरायची. उजेड खालून आडवा गेला की लहानशा खड्याचीही लांब सावली पडते, आणि जे खड्यांत लपलं आहे ते सावलीने उघडं पडतं. वरून उजेड मारला तर सावली वस्तूच्या मागे दडते आणि सगळं सपाट दिसतं. दारं धरताना भाऊ डोक्याची वापरतो, बांधावरून चालताना तीच सोडून हातात घेतो. मी आत्याला हे विचारलं तर ती म्हणाली, "मग? कंदील काय डोक्यावर घेऊन हिंडत होतो?"

आमच्या रत्नागिरी जिल्ह्याचा या बाबतीतला मानकरी म्हणजे फुरसं. वीतभर ते हात-दीड हात, मातकट, जांभ्या दगडाच्या रंगात रंग मिसळून बसणारं. इथे लख्ख या शब्दाची आणखी एक फोड करावी लागते, कारण प्रश्न उजेड किती एवढाच नसून कसला हाही आहे. एलईडीचा पांढरा उजेड मुळात पांढरा नसतो. आत निळा दिवा असतो आणि त्यावर पिवळ्या प्रकाशद्रव्याचा लेप. दोन्ही मिसळून आपल्याला पांढरं दिसतं. हा निळा दिवा साधायला इतकी वर्षं लागली की तो साधणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना 2014 सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. स्वस्त बॅटरीत हा निळा हात जरा सढळ असतो. आकडा मोठा येतो, झोत बर्फाळ दिसतो आणि त्या उजेडात तांबडा रंग जवळपास बेपत्ता होतो. जांभा राखाडी, सुकलेली पानं राखाडी, फुरसंही राखाडी. नोबेल मिळालेल्या प्रकाशात आत्या त्याच्यावर पाय देणार.

पाचशेच्या आत रंगाची फार निवड करता येत नाही, पण एक चाचणी फुकट आहे. उजेड स्वतःच्या तळहातावर मारायचा. तळहात निरोगी दिसला तर बॅटरी बरी. डॉक्टरकडे जावंसं वाटलं तर परत ठेवायची.

भरीला आत्याचं वय. साठीनंतर डोळ्याच्या पडद्यापर्यंत तरुणपणाच्या साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो, म्हणून तिला आमच्यापेक्षा जास्त प्रकाश हवा हे खरंच आहे. पण त्याच डोळ्यांना झगमगाट अधिक टोचतो. आणि अंधाराला सरावलेली नजर एकदा प्रखर झोताने पुसली गेली की ती परत यायला वीस-तीस मिनिटं जातात. तोवर झोताच्या बाहेरचं अंगण होतं त्याहून काळं. मुसळधार पावसात तर जोरदार झोत पुढे जातच नाही, थेंबांवर आपटून आपल्याच डोळ्यांत परत येतो. थोडक्यात, आत्याला पसरट, मऊ, दीडशे-दोनशे लुमेनच्या आसपासचा उजेड हवा होता. चिरंजीवांना हा निष्कर्ष फार नीरस वाटला. त्यांनी वही मिटली.

आता प्रश्न सेलचा की चार्जिंगचा. पुण्यात बसून विचारलं तर उत्तर सोपं आहे: चार्जिंगची घ्या, सेलचा खर्च वाचतो. दापोलीत हे उत्तर 3 जून 2020 रोजी निकालात निघालं. निसर्ग चक्रीवादळ त्या दिवशी रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि दापोली-मंडणगडची कौलं, पोफळी आणि विजेचे खांब एका दुपारी आडवे झाले. कित्येक गावांत लाइट यायला आठवडेच्या आठवडे लागले. आत्याकडे तेव्हा एक चार्जिंगची बॅटरी होती, भिंतीतल्या खटक्यात थेट खोचायची. ती दुसऱ्या दिवशी संपली आणि नंतर पावसाळाभर देव्हाऱ्याशेजारी बसून राहिली. लाइट आली तेव्हा चार्ज होईना. आतली शिशाची बॅटरी रिकामी पडून राहिली की कायमची बसते. या थेट खोचायच्या स्वस्त प्रकारात बहुधा आत ट्रान्सफॉर्मर नसतो, त्यामुळे चार्जिंगला लावलेली असताना तिचा कुठला भाग जिवंत असेल सांगता येत नाही. आत्या ती ओल्या हाताने काढत असे. काही झालं नाही, ही ग्रामदैवताची कृपा. निविदेत तिची अट घालता येत नाही.

म्हणून सेल. आणि सेलही गावातल्या दुकानात मिळणारे: मोठे किंवा पेन्सिल. 18650 हा आकडा आमच्या गावच्या दुकानदाराला सांगितला तर तो उधारीची वही उघडेल.

एवढी तयारी करून मी तपकीर गल्लीत गेलो. बुधवार पेठेतल्या या बोळात विजेवर चालणारं सगळं मिळतं, पण एक मोठी अडचण आहे. तिथे अंधार मिळत नाही. भर दुपारी दुकानात झुंबरं, पॅनल, माळा, रंग बदलणारे दिवे, सगळं एकदम पेटलेलं. त्यात बॅटरी लावली तर ती चालू झाली हेसुद्धा दुकानदाराच्या शब्दावर विश्वास ठेवून मान्य करावं लागतं. त्याने प्रत्येक बॅटरी छताकडे रोखली, मी प्रत्येक वेळी वर बघून मान डोलावली आणि आम्हा दोघांनाही काही कळलं नाही.

मी म्हटलं, "जरा अंधार आहे का कुठे?"

दुकानदार अनुभवी होता. त्याने काउंटरखालून छताच्या पंख्याचं रिकामं खोकं काढलं, आडवं ठेवलं आणि म्हणाला, "यात डोकं घाला साहेब. बॅटरी आत मारा." मी डोकं घातलं. गल्लीतून जाणारे दोघं थांबले. खोक्यात काही विशेष दाखवतायत असं वाटून एक गिऱ्हाईक माझ्यामागे नंबर लावून उभं राहिलं.

पहिली बॅटरी झूमची. भिंग पुढे ओढलं की झोत बारीक होत जातो आणि शेवटी गोल राहतच नाही, खोक्याच्या तळावर पिवळट कडांचा एक स्वच्छ चौकोन उमटतो. त्या चौकोनात बारीक काड्या काड्या दिसत होत्या. हे काय, म्हणून विचारलं. "एलईडी आहे साहेब. किती क्लिअर दिसतो बघा." खरंच होतं ते. भिंग आतल्या दिव्याचीच प्रतिमा समोर टाकत होतं, आतली नक्षीसुद्धा सुटली नव्हती. आत्याला वाटेवर एलईडी बघायचा असता तर याहून चांगली वस्तू नव्हती.

दुसरीत बारक्या दिव्यांचा पुंजका होता. तळहातावर मारून बघितली, तर तळहात कावीळ आणि पंडुरोग यांच्या मधोमध दिसला. परत दिली. तिसरीच्या बगलेत जांभळा दिवा होता, नोटा तपासायचा. दुकानदाराने दहाची नोट तपासून दाखवली, खरी निघाली. मला अचानक आठवलं की जांभळ्या, अतिनील उजेडात विंचू हिरवट-निळा चमकतो. मी उत्साहाने तिथूनच आत्याला फोन लावला.

"विंचू चमकतात यात. कुठे आहेत ते लगेच दिसतं."

"मेल्या, सगळे दिसले तर मी झोपू कुठे?"

तिसरी परत गेली.

चौथी दुकानदाराने न विचारता, जरा संकोचाने पुढे केली. पिवळं प्लास्टिक, दोन मोठे सेल, समोर एकच एलईडी, सरकवायचं बटण. पुढे सरकवलं की चालू, मागे घेतलं की बंद. लुमेनचा आकडा खोक्यावर नव्हताच, कारण खोकंही नव्हतं, पिशवीत होती. "हिला कोणी विचारत नाही साहेब," तो म्हणाला, "पण परत पण कोणी आणत नाही." बोटाने दाबून पाहिलं तर काचेच्या कडेला रबराची कडी होती. बुडवायला नव्हे, पण पागोळ्यांखालून न्यायला पुरेशी. तळहात माझाच वाटला. मागच्या गिऱ्हाइकानेही खोक्यात डोकं घालून पसंती दिली, आणि स्वतःसाठी एक घेतली.

सेलचे दोन जोड धरून पाचशेच्या आत आलं. घरी आल्यावर झोताचा मधला भाग जरा टोचरा वाटला, तेव्हा बायकोने काचेवर धुरकट चिकटपट्टीचा तुकडा लावला. उजेड एकदम पसरला, जमिनीवर सारखा सांडला. चार हजारांच्या बॅटरीला याच कामासाठी वेगळं झाकण मिळतं.

चिरंजीवांनी शेवटी उघडून पाहिलीच. त्यांचा आक्षेप असा की हिच्यात ड्रायव्हर नाही. महागड्या बॅटरीत एक छोटं सर्किट असतं, ते सेल उतरत आले तरी उजेड एकसारखा ठेवतं आणि मग पट्कन सगळं बंद. हिच्यात सेल उतरतील तसा उजेड उतरत जाणार. मला हा दोष मुळीच वाटला नाही. गोठ्याच्या वाटेवर अर्ध्यात पट्कन बंद होणाऱ्या बॅटरीपेक्षा आठवडाभर आधीपासून कुरकुर करणारी बरी. तेवढ्यात बाजारातून सेल आणता येतात.

बॅटरी गावी पोचली. आत्याचा फोन यायला चार-पाच दिवस लागले, आणि आला तो सकाळी साडेसहाला.

"बॅटरी चांगली आहे," ती म्हणाली. तिच्या तोंडून कुठल्याही वस्तूबद्दल हे ऐकायला मिळणं दुर्मीळ. मी खूश होऊन पुढचं ऐकायला लागलो. "परवा रात्री माळ्यावर मारली. पितळीत तिथलं कधी काही दिसायचं नाही. आता सगळं दिसतं."

"काय दिसतं?"

"वाळवी. आढ्यापासून खाली चार वासे पोखरलेत. रिपा तर नुसत्या हात लावला की भुगा. सुताराला बोलावून दाखवलं, याच बॅटरीने. तो म्हणतो पावसाच्या आत कौलं उतरवायला हवीत, त्या बाजूची सगळी. मग म्हटलं आलेच आहे तर न्हाणीघरही बघू. तिथे भिंत सुटलीय. तुझे आजोबा असल्यापासून सुटलेली असणार, पण उजेड कुठे होता? सुताराने आकडा सांगितलाय, कागदावर लिहून घेतलाय, वाचू?"

तिने वाचला. त्यात शून्यं होती. आज रात्री ती विहिरीत मारून बघणार होती.

फोन ठेवून मी चिरंजीवांना उठवलं आणि विचारलं, ही बॅटरी इथे बसून जरा मंद करायची काही सोय आहे का.

"सेल उतरले की होईल आपोआप," तो पांघरुणातून म्हणाला. "पण तुम्ही दोन जोड दिलेत ना बरोबर?"